रेडिएटरमधली गंगा

जुनी गाडी पुन्हा चालती करायची तर सुरुवात रंगापासून करायची नसते, हे मला रंगाचे डबे आणून ठेवल्यावर कळलं. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. आधी सगळं दिसायला नीट हवं, ही सवय जाता जात नाही. मग ते डबे कोपऱ्यात सरकवले आणि बॉनेट उघडलं.

गाडी आमचीच, म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची. पांढरी अँबॅसेडर. ब्रह्मा घाटाच्या आमच्या गल्लीत गाय आडवी उभी राहिली तरी माणूस अडकतो, तिथे मोटार कसली येते? त्यामुळे ती कायम मैदागिनच्या मोठ्या रस्त्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये असायची. वेद शिकवणाऱ्या माणसाने मोटार घेतली म्हणून गल्ली हसली होती. अप्पांनी काही मनावर घेतलं नाही. रविवारी आईला घेऊन सारनाथला जायचे. ती डावीकडे बसायची, मांडीवर डबा धरून. अशाच एका रविवारी येताना गाडीने वाफ सोडली आणि ती वाटेतच बसली. ढकलत आणून शेडमध्ये लावली, तोवर आई आजारी पडली. आई गेल्यावर गाडीकडे कोण बघणार? अप्पा तर घाटावर स्नानालाही जाईनात. जन्मभर गंगेत बुडी मारलेला माणूस न्हाणीघरात बादलीने अंघोळ करू लागला, ते मला बघवेना. गाडी सुरू झाली तर ते घराबाहेर पडतील, एवढ्या एका आशेवर मी हातात पाना धरला.

उघडलेला प्रत्येक नट मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत ठेवायचा आणि खोलण्याआधी फोटो काढायचा, एवढं मी शिकले. सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. इंजिन मात्र तेल सोडून थोडे दिवस थांबल्यावर हँडलने फिरलं, आणि मी शेडमध्ये एकटीच ओरडले. संध्याकाळी घरी गेले की अप्पांचा एकच प्रश्न असे, "कळलं का गं, कशाने बंद पडली?"

कळलं ते रेडिएटर खोलून घेतल्यावर. दुरुस्ती करणाऱ्याने वरची टाकी उघडली, आत बघितलं आणि हसायलाच लागला. "दीदी, इसमें तो पूरा घाट भरा है!"

आत बारीक करडा गाळ होता, पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर राहतो तसला. मला एका क्षणात सगळा उलगडा झाला. दर खंडेनवमीला अप्पा गाडीची पूजा करायचे आणि देवघरातल्या तांब्याने रेडिएटरमध्ये गंगाजल ओतायचे. तेव्हा नुकताच पूर उतरलेला असतो, पाणी अगदी गढूळ. शिवाय एरवीही गाडीत दुसरं पाणी घालायचं नाही, असा त्यांचा नियम. आम्ही नळाचं प्यायचो, गाडी गंगेचं. त्यांच्या भक्तीनेच गाडीचा गळा धरला होता आणि हे मी त्यांना सांगायचं होतं!

नाही सांगितलं. "गंज चढला होता," एवढंच मी म्हणाले. उरलेलं काम करताना मी स्वतःवरच चिडत होते, पण खरं ऐकून ते, आई गेल्यावर बसायचे तसे, पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील याची मला भीती वाटत होती. गाळसुद्धा मी टाकला नाही. गंगेची माती गटारात कशी टाकणार? बादलीत भरून कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांशेजारी ठेवली.

इंजिन जोडून झालं आणि खंडेनवमी आली. सकाळी शेडमध्ये फुलं लावत होते तर दारात अप्पा. शेजाऱ्याच्या हाताला धरून एवढं अंतर चालत आले होते, दुसऱ्या हातात गंगाजलाने भरलेला तांब्या. मला आनंद झाला आणि तो तांब्या बघून भीतीही वाटली.

त्यांनी गाडीभोवती हळूहळू फेरी मारली आणि बादलीपाशी थांबले. वाकून चिमूटभर गाळ उचलला, बोटांत चोळला. त्यांना ओळखायला कितीसा वेळ लागणार होता?

"हे हिच्यातनं निघालं?"

"हो, अप्पा."

त्यांनी ती चिमूट पुन्हा बादलीत सोडली. मग म्हणाले, "तुझी आई सांगायची, अहो, तिला साधं पाणी द्या. मी ऐकलं नाही." आणि थोड्या वेळाने, "आता काय घालतेस?"

मी रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी घालायच्या हिरव्या कूलंटचा डबा दाखवला. त्यांनी तांब्यातलं गंगाजल चारही चाकांवर ओतलं, तांब्या उपरण्याने कोरडा पुसला आणि माझ्यासमोर धरला. "यात ओत."

"अप्पा, विषारी असतं ते. तांब्या मग पूजेला चालणार नाही."

"मग गाडीत राहील. ओत तू, परेशान नको होऊस."

आईने लग्नात आणलेला तांब्या होता तो. अप्पांनी मंत्र म्हणत ते हिरवं पाणी रेडिएटरमध्ये सोडलं, एक थेंब न सांडता. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

चावी फिरवली. गाडी आधी नुसतीच खोकली, मग धूर सोडत सुरू झाली. मी उतरून अप्पांसाठी स्टिअरिंगकडचं दार उघडून धरलं. ते वळसा घालून पलीकडे गेले, डावीकडे आईच्या जागेवर बसले आणि तांब्या मांडीवर घेतला.

"चल," म्हणाले, "पण आधी ती बादली घे. वाटेत नदीत सोडू."