उतारावरच्या गाडीची वीज

भूत, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पालमच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. दारावर लिंबू-मिरची दिसली की तोडून फेकायचो, इतका खवट माणूस मी.

नामांतराच्या बंद-मोर्च्यांमुळे आमचं विज्ञान प्रदर्शन दोनदा पुढे गेलेलं. माझी नोकरी अजून तात्पुरती. हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं – तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी प्रयोगावर चांगला शेरा दिला तरच कायम करण्याचं बघू.

माझे दाजी इगतपुरीला विजेच्या इंजिनावर ड्रायव्हर. ते सांगायचे, घाट उतरताना इंजिनाची मोटारच गाडीला आवरते, आणि आवरता आवरता वीज तयार करून वरच्या तारेत परत देते. ती चढणाऱ्या गाडीच्या कामी येते. आमच्याकडे तेव्हा कोळशाचं इंजिन... सगळ्यांना ही निव्वळ थाप वाटायची. मी म्हटलं, करूनच दाखवतो! बिघडलेल्या टेपरेकॉर्डरच्या दोन मोटारी, दोन लाकडी गाड्या, दोन उतार आणि मध्ये जोडतार. एक गाडी खाली सोडली की तिच्या विजेवर दुसरी चढायची... चार बोटं. मग बसायची.

प्रदर्शनाच्या सकाळी टोकं घासायला म्हणून मी तार काढली. तेवढ्यात शिपाई सोपानरावांनी चढणाऱ्या गाडीवर हळद-कुंकू लावून नारळ ठेवला. दसऱ्याला हे गृहस्थ शाळेच्या घंटेचीही पूजा करायचे. मी भडकलो. रिकामी गाडी चढत नाही, त्यात हे ओझं!

"मशीन हाय सर," ते शांतपणे म्हणाले. "नारळाबगर चालू करायची न्हाई."

आमची जुंपलेली असतानाच साहेब दारात. त्यांनी नारळ बघून हात जोडले. आता काढणार कसा?

गेली नोकरी, असं मनात म्हणत मी पहिली गाडी सोडली. ती कुणीतरी मागून धरल्यासारखी सावकाश उतरली. आणि नारळवाली गाडी चढायला लागली. थेट वरपर्यंत! साहेबांनी स्वतः टाळी वाजवली, पटलं म्हणाले, आणि शेरा लिहायला पेन काढलं.

घाम पुसावा म्हणून रुमालासाठी खिशात हात घातला... हाताला जोडतार लागली.

सांगून टाकायला मी तोंड उघडलंही होतं. सोपानरावांनी हळूच मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या सर खिशातच. साहेबाची सही व्हायलीय."

मी गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते. कायम झालो. पुढे तोच प्रयोग कितीदा केला – तार जोडून चार बोटं, तारेशिवाय काहीच नाही, नारळ ठेवूनही नाही. दाजींनाही विचारलं. ते म्हणाले, तार नसेल तर आमचं इंजिनसुद्धा हलत नाही.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. निरोपाला शाल आणि नारळ मिळाला. विश्वास माझा आजही नाही... पण तो नारळ अजून देवघरात आहे. चटणीसाठी कुणी मागितला तर मीच नको म्हणतो.