डायलिसिसच्या खोलीतली मैफल

इमारतीतली पोरं तिला कपाटवाली मावशी म्हणायची. पाठीवर माणसाएवढी काळी पेटी घेऊन ती जिना उतरू लागली की वर येणाऱ्याला मागे फिरावं लागे. पेटीत चेलो असायचा, व्हायोलिनचाच धिप्पाड, खर्जातला भाऊ. ज्या मोठ्या वाद्यवृंदात तिनं उमेदीची वर्षं घालवली तो बंद पडला, तेव्हा तिनं आणखी तिघांना गाठून चौघांचा गट केला. वाजवायचं ते आजच्या, हयात संगीतकारांचं. असल्या संगीताला सभागृह कोण देणार? मग ते मिळेल तिथे वाजवू लागले: रिकाम्या पोहण्याच्या तलावात, बस धुण्याच्या शेडमध्ये, एकदा तर बेकरीत, भट्टीच्या उबेला.

तिच्या थोरल्या भावाचं डायलिसिस सुरू होतं. एके दिवशी तो म्हणाला, "तलावात वाजवतेस, मग आमच्याकडे का नाही? तासन्‌तास छताकडे बघून डोळे दुखतात गं."

तिनं ते मनावर घेतलं. रुग्णालयाची परवानगी काढली आणि चौघं पलंगांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेत खुर्च्या टाकून बसले. पहिल्या दोन रचना बऱ्या गेल्या. दादा ऐटीत शेजारच्यांना सांगत होता, "आमची धाकटी."

तिसरी रचना नवीकोरी होती. शेवटी व्हायोलिनचा एकच बारीक, उंच सूर पुन्हापुन्हा यायचा. तो सुरू झाला मात्र, कोपऱ्यातल्या पलंगावरचे ड्रायव्हरकाका ओरडले, "बंद करा! आधी बंद करा ते!"

आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, आवाज खणखणीत. चौघांचे हात जागच्या जागी थांबले. दादानं मान भिंतीकडे वळवली. ती मात्र चेलो खाली ठेवून काकांजवळ गेली.

"काय झालं काका? फारच वाईट वाजवलं का?"

"वाईटचांगलं मला काय कळतंय? मशीन असंच वाजतं, बाई. काही बिघडलं की. जीव टांगणीला लागतो. आणि आम्हाला उठून जाताही येत नाही ना!" त्यांनी नळ्या लावलेला हात जरासा हलवला.

तलावात, शेडमध्ये ज्याला आवडलं नाही तो निघून जायचा. इथे सगळे नळ्यांनी बांधलेले. तिनं हात जोडून माफी मागितली आणि कार्यक्रम आवरता घेतला.

घरी आल्यावर तिनं त्या तिसऱ्या रचनेच्या संगीतकाराला फोन केला. तो तरुण होता, पण स्वभावानं तिरसट. "एक सूरही बदलणार नाही. कान कसे तयार होणार मग?"

"बदलू नकोस. एक दुपार फक्त तिथे येऊन बस."

कुरकुरत का होईना, तो आला. दादाच्या पायाशी स्टुलावर बसला. थोड्या वेळानं कुठलंसं मशीन वाजलं आणि सगळ्या खोलीच्या माना एकदम वळल्या. सिस्टर धावत गेल्या, काहीतरी नीट केलं, आवाज थांबला. माना सावकाश जागेवर आल्या. त्यानं दादाला विचारलं, "रोज असंच?" दादा नुसता हसला.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्यानं नवा शेवट पाठवला. व्हायोलिन गप्प, आणि खाली चेलो एकटा घुमतोय. खालच्या जाड तारेवर इतक्या जोरानं बोटं दाबायची तिला सवय राहिली नव्हती. तिनं घरी घासून घासून ते बसवलं.

या वेळी कुणाला नळ्या लावण्याआधीच तिनं एकेका पलंगाशी जाऊन विचारलं. एका आजींनी नको म्हटलं, तर सिस्टरनी त्यांचा पलंग आतल्या खोलीत हलवला. मग वाजवणं झालं. टाळ्या कोण वाजवणार, सगळ्यांचा एक हात अडकलेला. ड्रायव्हरकाकांनी मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारली.

"आवडलं असं म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण घाबरलो नाही. आणि ते शेवटचं... गाडी घाट चढताना असा आवाज देते. तेवढं परत वाजवा."

"अहो, हळू बोला, दादा झोपलाय."

"झोपू द्या की. तुम्ही वाजवा."

तेवढ्यात दाराजवळच्या पलंगावरून कुणीतरी म्हणालं, "इकडे काही ऐकू आलं नाही हं. इकडेही या."

तिनं एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात चेलो घेतला आणि तिकडे जाऊन बसली.