९९७३ ला भाग जात नाही

१० मार्च १९६१, शुक्रवार. शाळा सुटल्यावर मी नेरच्या घरी तूर भरडत होते, तेव्हा माझ्या वर्गातली सातवीची एक मुलगी पाटी घेऊन आली. ती तांड्यावरून रोज चालत शाळेत यायची. यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात आमच्या शाळेला एकच जागा होती, आणि गणितात पहिली येईल तिचं नाव तिथं जायचं. ही एका मार्कानं मागे होती. पुढे होती माझी पुतणी, आमच्याच घरी राहणारी. यादी हेडमास्तरांकडे होती. सकाळच्या बसनं यादी यवतमाळला जाणार होती.

"बाई, माहा मार्क काहून कापला?"

प्रश्न असा होता : १९६१ ही मूळ संख्या आहे का? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही ना? पुतणीनं 'आहे' लिहिलं, हिनं नुसतं 'नाही'. मी २९ पर्यंत भागून पाहिलं होतं आणि हिला चूक दिली होती.

"तू अंदाजानं ठोकलं."

तिनं पाटी पुढे केली. ३७ गुणिले ५३. मी दोनदा गुणून पाहिलं. १९६१ च आले.

पाढे आम्ही तिसापर्यंत घोकलेले. पाढे संपले तिथं माझा भागाकारही थांबला होता, आणि हे मला तपासताना जाणवलंसुद्धा नव्हतं.

तरी तिला कुणी सांगितलं असेल, अशी शंका होतीच. जुन्या पुस्तकातली चार आकडी सर्वांत मोठी मूळ संख्या आठवली. ती काय आहे हे न सांगता म्हटलं, "९९७३. इथंच बसून कर."

ती भागत राहिली, पाटी पुसत राहिली. मी जातं ओढत होते.

"सहानं नाही भागलंस?"

"दोननं गेला नाही, तं सहानं कायचा जाते?"

९७ झाल्यावर तिनं पेन्सिल ठेवली. "मूळ हाय."

"इथंच काहून थांबलीस? हात दुखला?"

"शंभर गुणिले शंभर दहा हजार होते, बाई. शंभरावरच्या आकड्यानं भाग गेला असता, तं त्याचा जोडीदार शंभराच्या आत असता. तो मले पयलेच भेटला असता."

मी जातं थांबवलं. भाग जात नाही हे दाखवायला सगळं जग भागायची गरज नाही, पण कुठवर भागायचं ते ठाऊक हवं. १९६१ साठी मला ४३ पर्यंत जायला हवं होतं. बारा वर्षं मी गणित शिकवत होते.

"घरी जा, अंधार पडते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीची वेणी घालताना तिला सगळं सांगितलं.

"काकू, तीसपर्यंत तुमीच तं शिकवलं," ती म्हणाली.

मी रिबीन बांधली, दोघींचे पेपर घेतले आणि बस सुटायच्या आत हेडमास्तरांच्या घरी गेले. यादीतलं नाव बदललं, आणि तपासणाऱ्याची चूक असं खाली लिहून सही केली.