शेरा: नाम भिन्न

वडील गेल्यावर आईच्या पेन्शनचा अर्ज परत आला, तो समासात एवढाच शेरा घेऊन: 'नाम भिन्न'.

घरात आम्ही 'वेगळं' म्हणतो. पथ्याची भाजी वेगळी काढायची, धाकट्याचा स्वभाव वेगळा. देवळाबाहेर चपला बदलल्या तर 'विजोड'. या शब्दांत कुणावर आळ नसतो. 'भिन्न' मात्र रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. तो दफ्तरातून आला आणि त्यानं थेट आईवरच संशय घेतला.

चूक आमच्याच रीतीची. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं आईचं नवं नाव लिहिलं आणि सासरी तेच चाललं. वडिलांच्या सर्व्हिस बुकातही तेच. पण आईचं सातवीचं प्रमाणपत्र आणि त्यावरून काढलेलं आधार कार्ड माहेरच्या नावाचं. ही रीत इकडच्या बाबूला कशी ठाऊक असणार? त्याच्या लेखी वडिलांची बायको एक आणि समोर बसलेली म्हातारी दुसरीच.

दफ्तर शहराबाहेर, नवा रायपूरमध्ये. बसचा भरवसा नाही, म्हणून मी रजा टाकून गाडी काढली आणि रस्ताभर कुरकुरत होतो. बाबू तसा सज्जन होता. म्हणाला, "माताजी, शपथपत्र दे दीजिए कि दोनों एक ही महिला हैं." मी ते बाहेरून टाइप करून आणलं. आईनं चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"हे खोटं आहे."

"काहून खोटं? दोन्ही तूच ना?"

"नाही रे. ते पोट्टी शाळेत जाऊन राहिली होती. मॅट्रिक व्हायचं होतं तिले. ते तिकडंच राहिली. नाव बदलताना मले कोणी विचारलं नाही."

पन्नास वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. आणि मी काय म्हणालो? "आई, सही कर. मागं लोक थांबलेत."

तिनं सही केली, माहेरच्याच नावाची. दुसरी तिला येतच नव्हती.

परतताना गाडीत मला लाज वाटत होती. मॅट्रिक होऊन पुढं काय करायचं होतं, हे विचारावं असं दोनदा मनात आलं. सिग्नलवर फोन वाजला आणि ते राहून गेलं. पेन्शन सुरू झाली. पुन्हा झंझट नको म्हणून मी तिचं आधार कार्डही सासरच्या नावाचं करून घेतलं. तिनं मशीनवर बोटं ठेवली.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. मृत्यूच्या दाखल्यासाठी खिडकीवर नाव विचारलं, तेव्हा मी क्षणभरही न अडखळता सासरचं सांगितलं. कागद एका फेरीत झाला, कुठलाही शेरा न पडता. त्या शाळेतल्या पोरीला आधी घरच्यांनी पुसून टाकलं होतं. उरलेली मी पुसली, आणि मला तर तिनं सांगितलं होतं.