तीन तासांचा पार

“श्रावणातील सप्ताहाच्या दिवशी थोरल्या बंधूंनी देवापुढे सर्व औषधांचा त्याग केला, खड्या आवाजात पहिला गजर घातला, आणि त्या क्षणापासून ते व्यसनातून कायमचे मुक्त झाले.”

आमच्या देवळाच्या नव्या स्मरणिकेत हे वाक्य छापले आहे. लिहिणारा माझा धाकटा भाऊ. त्यातील थोरले बंधू म्हणजे मी. हे वाचून गावातल्या चार भल्या माणसांनी माझे अभिनंदन केले. ते मी परत करतो. या वाक्यात खरे इतकेच आहे की महिना श्रावणाचा होता.

माझी खोटी स्तुती मी एरवी पचवली असती. या वयात बरेच काही पचते. पण भावाचा मुलगा, तिशीतला, तुयेच्या कारखान्यात काम करणारा, गेले काही आठवडे त्याच औषधावर आहे ज्यावर मी होतो. सप्ताह नऊ दिवसांवर आला आहे. आणि बापाने त्याच्या हातात स्मरणिका ठेवून सांगितले आहे, “थोरल्या काकान केला ता तू कर. गोळी बंद.” म्हणून थोरल्या काकाने काय केले, ते थोरल्या काकानेच सांगणे आवश्यक झाले.

तरुणपणी मी शिरगावच्या खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत खनिजाचा ट्रक चालवीत असे. आठवडाभर डिचोलीच्या खोलीत, शनिवारी पेडण्याला घरी. खड्ड्यांच्या रस्त्याने पाठीचा मणका दुखावला. एका कंपाउंडरने दुखण्यावर सुई टोचली, आणि दुखणे माझ्यापासून दूर गेले असे म्हणण्यापेक्षा मीच पाठीपासून दूर गेलो. पुढचे ट्रक पाण्याखालून चालल्यासारखे दिसू लागले. तांबडी धूळ काजूच्या पानांवर बसे, तीही कुणीतरी हलक्या हाताने पांघरूण घातल्यासारखी. सुईनंतर किनाऱ्यावरून येणारी तपकिरी पूड आली. सुखाचे दिवस थोडे होते. पुढची सारी वर्षे मी ती पूड सुखासाठी घेतली नाही. नुसते इतरांसारखे उभे राहता यावे म्हणून घेतली. हे भावाला कधी कळले नाही. त्याला वाटते, मी मजा करीत होतो.

आमच्या गावच्या सप्ताहात सात दिवस भजन अखंड चालते. प्रत्येक घराण्याला त्यातल्या एका दिवशी तीन तासांचा पार नेमून दिलेला असतो. पार संपेपर्यंत त्या घरच्या माणसांनी उपाशी बसायचे, चटईवरून उठायचे नाही, आणि टाळ खाली ठेवायचा नाही. पुढच्या घराण्याचा माणूस आला की तो त्याच्या हातातच द्यायचा. पाराचा पहिला गजर घरातल्या थोरल्याने घालायचा. आमचा पार दुपारी बाराचा.

एका वर्षी मी त्या चटईवर बसलो आणि तासाभरात जांभया सुरू झाल्या. डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात पिळा. मी टाळ चटईवर ठेवला आणि उठून गेलो. शेजारच्या एका म्हाताऱ्याने तो उचलून ठेका सावरला, परंतु मधे दोन-चार मात्रांची पोकळी पडली. देऊळभर ती पोकळी मला ऐकू आली. आजही झोपेत कधी सगळे भजन दूरच्या शेतातून यावे तसे ऐकू येते, आणि नेमके त्या जागी थांबते.

त्यानंतर भाऊ मला म्हापशाच्या दवाखान्यात घेऊन गेला. त्याचे उपकार मी नाकारीत नाही. डॉक्टरांच्या कागदावर एक रकाना होता: रुग्णाचे ध्येय. भावाने माझ्या हातातून पेन घेऊन लिहिले, ‘संपूर्ण व्यसनमुक्ती’. अक्षर सुंदर होते.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिले. “हे तुम्ही लिहिलंत?”

“नाही.”

“मग तुम्हांला काय हवं आहे?”

कित्येक वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी काय सोडावे, हे सर्वांनी सांगितले होते. मी म्हणालो, “मला तीन तास टाळ धरून बसायचं आहे.”

भाऊ हसला. “आयकलात, डॉक्टर? हेका टाळ कुटूचे आसत!”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारले, “किती ते किती? मधे उठता येत नाही? रोजची गोळी किती वाजता घेणं जमेल?” सुंदर अक्षरावर रेघ मारून त्यांनी माझे वाक्य लिहिले. मग सांगितले की ही जिभेखाली विरघळवायची गोळी आहे. ती नशेसाठी नाही, अंग स्थिर राहण्यासाठी आहे. ती मनाने बंद केली तर अंग पुन्हा पूड मागेल, आणि तेव्हा जिवाला धोका अधिक असतो. ती विरघळेपर्यंत बोलायचे नाही, थुंकी गिळायची नाही.

मी वर्षभर सकाळच्या बसने म्हापशाला जात राहिलो. जिभेखाली कडू चव घेऊन, मिटल्या तोंडाने बाकावर बसायचे. खिडकीबाहेर फुलांची टोपली घेऊन एक बाई बसे. पहिले काही दिवस ती फुले मला नुसती रंगीत दिसत. एका सकाळी त्यांचा वास आला, आणि बोलायची बंदी होती म्हणून मी कुणाला सांगू शकलो नाही.

पुढच्या श्रावणात आमच्या पाराच्या दिवसासाठी डॉक्टरांनी गोळी घरी दिली होती. इथे माझी चूक घडली आणि ती मी लपवणार नाही. सकाळी भाऊ म्हणाला, “आज उपास आसा. तोंडात काय घालू नको. देव बघता.” मला ते पटले. गोळीची पुडी मी फडताळात ठेवली आणि अंघोळ करून सोवळ्यात बसलो. गोळीने उपास मोडतो, असे दोन शहाण्या भावांना एकाच वेळी वाटले.

साडेअकराला देवळाकडे निघालो. श्रावणातले ऊन पावसाने धुतलेल्या पानांतून गळत होते. पायवाट, कुंपण, भाताची शेते, सारे किंचित हलत होते. वाटले, स्वप्नच आहे, चालत राहावे. मग पहिली जांभई आली, आणि डोळ्यांना पाणी.

देवळाच्या पायरीशी पोहोचलो तोच मागून माझी बायको धापा टाकीत आली. पदराच्या गाठीत पुडी होती.

“तोंड उघडा.”

“उपास आसा गे.”

“गुरवाक दमो आसा. तो देवाच्या पुढ्यात वखदाची गोळी घेता मां? देवान तेका भायर घातलो? उघडा म्हणतंय!”

मी तोंड उघडले. तिने गोळी जिभेखाली ठेवली, जसे सुईणीने बाळाला मधाचे बोट चाटवावे, आणि मागे वळून न पाहता निघून गेली. त्याच क्षणी आत आधीच्या घराण्याचा पार संपला. कुणीतरी माझ्या हातात टाळ दिला.

हळूहळू जांभया विरल्या. धूप वर जाऊन तुळयांपाशी रेंगाळत होता. टाळांचा आवाज एखाद्या तळ्याच्या तळातून यावा तसा येत होता आणि मी त्या तळ्यात नव्हतो, काठावर होतो. तीन वाजता मी टाळ पुढच्या माणसाच्या हातात दिला. हातात, चटईवर नाही. माझे ध्येय पूर्ण झाले.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या बसने म्हापशाला गेलो आणि गोळी घेतली. त्यानंतरही कित्येक वर्षे घेतली. कमी केली ती डॉक्टरांनी आणि मी मिळून, आमच्या वेळेने. त्यात मला कमीपणा वाटला नाही. ज्यांना वाटतो त्यांनी माझ्यासारखे एकदा टाळ टाकून उठून पाहावे.

परवा पुतण्याला विचारले, “तुझ्या रकान्यात काय लिहिलंय?”

“बाबान लिहिला, पाराक बसूचा.”

“आणि तुका काय होया?”

तो म्हणाला, “महिनोभर एकय दिवस कंपनीची बस चुकूची नाय.”

माझा पार मी त्याच्या गळ्यात घालणार नाही. त्याने बस पकडावी, आणि रोज गोळी घेऊन पकडावी.

भाऊ म्हणेल, थोरल्याची स्मृती गेली. तर स्मृती राहू द्या. त्या दुपारी देवळात बसलेली आणि अजून हयात असलेली माणसे आहेत, त्यांना विचारा. पेटीवाल्याला विचारा, ज्याला सूर शोधता शोधता घाम फुटला, कारण गजर भलत्याच उंच पट्टीत सुरू झाला होता. तो कुणी घातला? जिभेखाली गोळी विरघळत असताना माणूस तोंड उघडू शकत नाही. आमच्या घराण्यात धाकट्याने पहिला गजर घातल्याचा प्रसंग एकदाच घडला, आणि तो त्याच दिवशी, माझ्या भावाच्या तोंडून.