विमानातली चतुर्थी

मधू, तू तुझ्या वहिनीला नागपूरच्या विमानतळावर सोडलंस, तेव्हा फोनात मला तिची नुसती पाठ दिसली. आपल्या आईच्या आजारपणासाठी दोन वर्षं मागं राहिलेली ती, आई गेल्यावर घराला कुलूप लावून माझ्याकडं निघाली होती. एकदाही वळून पाहिलं नाही तिनं.

मग मुंबईहून तिचा फोन आला.

"खाल्लं का काही?"

"आज चतुर्थी हाये ना. चंद्र निघाल्यावर."

"अन् साखरेची गोळी?"

"घेतली सकाळीच." फोन बंद.

इथं इंग्लंडात, मेडनहेडला माझ्या जिवाचं पाणी पाणी. उपाशी पोटी गोळी म्हणजे साखर उतरणार, चक्कर येणार. आई म्हणायची, आधी दोन घास खा, मग तोंड घेऊन कुठंही जा. मी आलो तेव्हा विमानात दोन्ही ट्रे साफ करून घोरत पडलो होतो.

प्रशांत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. "बाबा, डायरेक्ट फ्लाइट आहे. दहा तास. रिलॅक्स."

"घड्याळाचे दहा. उपाशी पोटाचे किती, ते सांग."

त्यानं हिशेब केला आणि त्याचाही चेहरा उतरला. मुंबई ते हीथ्रो सात हजार किलोमीटरच्या वर, सगळं मावळतीकडं. विमान पळेल तितका चंद्र मागं. इथं तो आठला निघणार, म्हणजे तुमच्याकडचे रात्रीचे दीड. तिला सांगावं तर फोन लागत नाही. स्क्रीनवर तिचं विमान तुर्कस्तानावर आलं आणि तिथंच खिळल्यासारखं वाटायला लागलं. मीही जेवलो नाही.

हीथ्रोला ती व्हीलचेअरवर बाहेर आली. ओठ सुकलेले, हात थरथरत होते. मी केळं सोलून पुढं केलं.

"खा. नागपुरात केव्हाचा निघाला चंद्र."

"नागपूरच्या घराला कुलूप लावून आली मी. आता तुम्ही जिथं, तिथला चंद्र."

"म्हातारे, मरशील!"

"मरायचं असतं तर वाटंतच मेली असती. पोचल्यावर कायले मरू?"

मी जन्मात कुणापुढं नमलो नाही, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी हात टेकले. मोटरवेवर प्रशांत स्पीड लिमिट सोडेना आणि मी त्याच्यावर खेकसत होतो. मागच्या सीटवर ती डोळे मिटून बसलेली. दर दोन मिनिटांनी मी हाक मारायचो आणि ती म्हणायची, "हाये, हाये."

घरी पोचलो, आठ वाजले. वर नुसते ढग.

"उगवती कोणती इथं?" तिनं विचारलं.

मधू, दोन वर्षं राहतोय, मला सांगता आलं नाही. प्रशांतनं फोनमध्ये पाहून कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांकडं बोट दाखवलं. तिनं तिकडं हात जोडले आणि घास घेतला. तिचे हात थरथरायचे थांबले, तोवर मी तिला धरून उभा होतो.

या घराला मी आजवर पोराचं घर म्हणत आलो. पुढल्या चतुर्थीला तू फोन करून तिथल्या चंद्राची वेळ कळवू नकोस. आम्ही इथली पाहू.