मेहुण्याचा हात

भोंग्याला हे नाव इंजिनांमुळे पडलं. मिसरूड फुटल्यापासून तो शर्यतीच्या ट्रॅकवर गाड्यांत पेट्रोल भरायच्या कामाला होता. गाड्यांच्या आवाजाने त्याचे कान इतके निकामी झाले की तो ओरडूनच बोले, आणि घरात त्याने नुसतं मीठ मागितलं तरी भांडण लागलं समजून शेजारी दार उघडून बघत. भांडणंही काही कमी होत नसत. एकदा पेट्रोलचा भडका उडून त्याचा दंड भाजला, तेव्हा ज्याने नळी सैल सोडली होती त्याला भोंग्याने त्याच भाजल्या हाताने बडवलं होतं.

पुढे ट्रॅकभोवती वस्ती वाढली. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची, तान्ही पोरं खोकून बेजार व्हायची. लोकांनी फाटक अडवलं, दगड फेकले, काठ्या खाल्ल्या. शेवटी मालकांनी पेट्रोलच्या शर्यती बंद करून विजेच्या गाड्या आणल्या. प्रेक्षकांच्या छपरावर सोलर पॅनल बसले आणि भोंग्याला बॅटरीच्या शेडमध्ये घेतलं. जाड रबरी हातमोजे घालून बॅटऱ्या तपासायच्या, ट्रॉलीवरून हलवायच्या, हे त्याचं काम.

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, फाटकासमोरच शर्यतीची इंजिनं बांधायचा. त्या हातांना ट्रॅकवर तोड नव्हती. इंजिनच राहिलं नाही, तेव्हा त्याच्या गॅरेजला कुलूप लागलं. तो भोंग्याच्या घरी येऊन धुमसत बसे. म्हणे, या बॅटऱ्यांचा धातू कुणाच्या तरी जमिनीतूनच उकरतात, तिथेही माणसं मरतात, फक्त त्यांची काजळी आपल्या कपड्यांवर पडत नाही. भोंगा एवढंच म्हणे की इथली पोरं आता खोकत नाहीत, हे बहिऱ्यालाही ऐकू येतं.

मोठ्या शर्यतीच्या सकाळी मेहुणा चार माणसं आणि लोखंडी गज घेऊन शेडवर आला. भोंगा दारात आडवा उभा राहिला.

"भाऊजी, बाजूला व्हा. तुमच्याशी वैर नाही."

"मग घरी जा," भोंगा म्हणाला.

पहिला गज भोंग्याच्या खांद्यावर बसला. दुसरा त्याने हातात धरला आणि तो मारणाऱ्याचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. त्या माणसाचे दात खाली सांडले. बाकीच्यांनी भोंग्याला लाथांखाली घेतलं. त्याची बरगडी मोडली तेव्हा तो आवाज त्याला कानांनी नाही, अंगातून ऐकू आला. तेवढ्यात मेहुणा आत शिरला आणि ट्रॉलीवरच्या बॅटरीवर सगळ्या ताकदीने गज घालू लागला.

पत्रा फाटला. आतून फुसफुस करत पांढरा धूर निघाला. मेहुण्याची माणसं पळाली. भोंगा मात्र उठून आत धावला, कारण त्या धुरानंतर काय येतं ते त्याला शिकवलेलं होतं. त्याने मेहुण्याची मान धरून ओढलं. मेहुण्याला वाटलं, हा मारायलाच आलाय. त्याने भोंग्याच्या हाताचा चावा घेतला आणि डाव्या हाताने ट्रॉलीची दांडी घट्ट धरून ठेवली. भोंग्याने एकदा सोड म्हणून सांगितलं. मग त्याने पडलेला गज उचलून त्या हातावर घातला. हाड मोडलं, पकड सुटली. दोघं दारापर्यंत पोचतात न पोचतात तोच मागे ज्वाळांचा फवारा उडाला. मेहुण्याची पाठ आणि अर्धा कान भाजून निघाला. शेड जळून खाक झालं.

दवाखान्यात बायको आली. भावाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"हात तुम्ही मोडलात?"

"हो. नाहीतर तो गेला असता."

"पोलिसांना त्याचं नाव सांगणार?"

"सांगितलं."

तिने त्याच्या थोबाडीत मारली आणि भावाच्या पलंगाशी जाऊन बसली.

मेहुण्याला शिक्षा झाली. सुटून आला तेव्हा डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. बायकोने त्याला जेवायला बोलावलं. जेवण निम्म्यावर आलं. मग मेहुणा म्हणाला, या हाताने आता बोल्टसुद्धा आवळता येत नाही. जीव वाचला त्याचं काहीच नाही का, असं भोंगा ओरडला. ताटं उडाली. मेहुण्याने त्याच्या जुन्या मोडलेल्या बरगडीवर गुडघा घातला, भोंग्याने त्याचं नाक फोडलं. बायकोने दोघांच्या गचांड्या धरून त्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

दोघं पायरीवर बसले. मेहुण्याच्या नाकातून रक्त ओघळत होतं. नाक बाहीला पुसत त्याने विचारलं, "तुमच्या नव्या बॅटरी शेडमध्ये एका हाताचा माणूस चालतो का?"

"चालतो," भोंगा म्हणाला. "पण तुला घेणार नाही. मीच घेऊ देणार नाही."

मेहुण्याने मान डोलावली. कडी काही निघेना, म्हणून दोघं तसेच बसून राहिले.